काहिलीतला रस आणि रेणूंची ओढ

प्रवरेच्या काठच्या गुऱ्हाळावर पहाटेच काहील चढते. एक जण चुलवणात चिपाडं सारत असतो, दुसरा झाऱ्यानं वर आलेली मळी काढत असतो. गुळव्या मात्र नुसता उभा राहून बघत असतो. रसाचे बुडबुडे मोठे व्हायला लागले, त्यांचा आवाज जड झाला, की तो काठीच्या टोकावर रस घेतो आणि गार पाण्यात सोडतो. पाण्यातला रस बोटांत घेऊन तो वळून बघतो. गोळी धरत नसेल तर अजून वेळ आहे. गोळी धरली आणि ताटलीवर आपटल्यावर टणकन वाजली, तर काहील उतरवायची. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, आणि घाई केली तर ढेप बसते.

त्याच वेळी कुणी रसात तापमापक बुडवला, तर पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसेल. गोष्ट जरा विचित्र आहे. काहिलीतून उडतंय ते पाणीच, आणि पाणी १०० अंशांना उकळतं असं शाळेत घोकलेलं असतं. मग वरचे अठरा अंश कुठून आले? पाण्याच्या रेणूला वर उडून जायचं असतं, पण शेजारचा साखरेचा रेणू त्याला धरून ठेवतो. पाणी जसजसं कमी होतं, तसा उरलेल्या पाण्याभोवती साखरेचा वेढा घट्ट होत जातो आणि सुटकेसाठी जास्त उष्णता लागते. गुळव्या बोटांनी गोळी दाबून बघतो तेव्हा तो ही ओढच तपासत असतो. स्वयंपाकघरातली बाईही एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा पाकाच्या पायऱ्या या ओढीवरूनच लावते. तापमापक घरात येण्याच्या कितीतरी आधी ओढ मोजण्याची ही पद्धत तयार झालेली होती.

या प्रस्तावनेचा विषय म्हणजे ही ओढ. रेणूच्या आतल्या बंधांची ती गोष्ट नाही. एका रेणूला दुसऱ्या रेणूविषयी वाटणाऱ्या आकर्षणाची आहे. हा फरक आधी पक्का करायला हवा, कारण बहुतेक गोंधळ इथंच होतो. पाणी उकळलं म्हणजे पाणी मोडलं नाही. वाफेतही प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू तसेच असतात. त्यांच्यातला सहसंयुज बंध तोडायला एका मोलमागे ४६० किलोजूलच्या आसपास ऊर्जा लागते. दोन शेजारी रेणूंमधला हायड्रोजन बंध साधारण २० किलोजूलमध्ये सुटतो. म्हणजे घराच्या भिंती जाग्यावर राहतात, फक्त शेजाऱ्यांनी धरलेले हात सुटतात. गंमत अशी, की पदार्थ घट्ट असेल की पातळ, वाहील की उडून जाईल, हे बहुतेक वेळा या दुबळ्या हातांवरच ठरतं.

शाळेच्या पुस्तकातलं चित्र सगळ्यांना आठवत असेल. तीन चौकोन, एकात ठिपके दाटीनं मांडलेले, दुसऱ्यात सैल, तिसऱ्यात विखुरलेले. खाली स्थायू, द्रव, वायू अशी नावं. (आधीची पिढी स्थायूला 'घन' म्हणायची.) चित्र चुकीचं नाही, पण त्यानं नुकसान मात्र केलंय. अवस्था हा पदार्थाचा अंगचा गुण आहे, जणू जन्मदाखल्यावर नोंदवलेला, असं मुलांना वाटायला लागतं. खरं तर अवस्था म्हणजे दोन गोष्टींमधला तात्पुरता तह. एकीकडे रेणूंना जवळ धरणारी ओढ, दुसरीकडे उष्णतेनं आलेली त्यांची धडपड. उष्णता वाढली की तह मोडतो. आणि त्या तीन चौकोनांत काकवी कुठं बसवायची? ताजा मऊ गूळ कुठं? गुऱ्हाळात वाढलेल्या मुलाला हे प्रश्न पडतात. पुस्तकात त्यांची सोय नसते.

ओढीचा पहिला पद्धतशीर हिशोब हॉलंडमध्ये झाला. योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ साली लायडन विद्यापीठात प्रबंध सादर केला. वायूचे रेणू म्हणजे एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले बिंदू, हे गृहीत त्यांनी मोडलं. रेणूंना आकार असतो, आणि ते एकमेकांना ओढतात. एवढ्या दोन दुरुस्त्या केल्यावर वायूचा द्रव का होतो ते एका समीकरणात दिसू लागलं. १९१० साली त्यांना नोबेल मिळालं. पण ही ओढ येते कुठून, हे कळायला पुंजभौतिकी जन्मावी लागली. १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी दाखवलं, की विद्युतदृष्ट्या अगदी समतोल अणूतही इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी एका बाजूला कलतात. तेवढ्यात शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉनही त्याला धरून कलतात आणि दोघांत निसटती ओढ तयार होते. ती नसती तर हेलियमचा द्रव कधीच झाला नसता. त्याच लायडनमध्ये १९०८ साली तो झाला, उणे २६९ अंशांना.

लंडन यांचं हे बल बघायला प्रयोगशाळा लागत नाही. नगरच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, शेजारचं शेंगदाणा तेल मात्र खुशाल वाहत असतं. खोबरेलातल्या कार्बनच्या साखळ्या बहुतेक सरळ असतात, त्या काड्यांच्या जुडीसारख्या अंगाला अंग लावून बसतात, आणि २४ अंशांच्या आसपास तेल थिजतं. शेंगदाणा तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना मध्येच बाक असतो. वाकड्या काड्यांची जुडी नीट बांधली जात नाही.

पाण्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे. आकाराच्या हिशोबानं पाणी आपल्याला वायू म्हणूनच भेटायला हवं होतं. त्याचा थोरला भाऊ म्हणावा असा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, वजनानं जवळजवळ दुप्पट असूनही उणे ६० अंशांनाच उकळतो. पाण्याला १०० अंश लागतात, कारण ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, हायड्रोजन उघडा पडतो आणि शेजारच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. १९२० साली लॅटिमर आणि रोडबुश या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी हा हायड्रोजन बंध मांडला. द्रव पाण्यात असा एकेक बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो आणि तुटतो. तुटताक्षणी दुसरा जुळतो. हात सतत बदलत असतात, पण मोकळा हात जवळजवळ नसतोच.

म्हणून पाणी उडवणं महागात पडतं. नगरच्या मे महिन्यातलं अर्थकारण या महागाईवर चालतं. माठातून झिरपलेलं एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडालं, आणि बाहेरून उष्णता आत शिरली नाही असं धरलं, तर आतलं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरायला हवं. हवा कोरडी असली तरच हे साधतं, म्हणून नगरला कूलर गार वारा देतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीच्या कारागिरांनी फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध उभारला, त्यामागे डौल होताच. पण चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यानं वारा गार होतो, हे ठाऊक असल्याशिवाय दुष्काळी मुलखात कुणी एवढं पाणी घरासाठी अडकवणार नाही.

पाणी उकळायला किती तापवावं लागतं, हे डोक्यावरच्या हवेवरही अवलंबून असतं. वाफेचा दाब हवेच्या दाबाएवढा झाला की पाणी उकळतं. हवा विरळ, तर सुटका लवकर. मुंबईला १०० अंश, नगर शहराच्या उंचीवर ९८ च्या जवळपास, आणि अकोले तालुक्यातल्या १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. माथ्यावर चूल मांडून डाळ शिजवायची तर ती रडकुंडीला आणते ती यामुळेच. पाणी खळखळत असतं, पण पुरेसं तापलेलं नसतं.

हा नियम उलटा वापरून उंची मोजता येते, आणि त्याचा एक धागा याच मुलखात सापडतो. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. १८३८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा एक लेख आला. नाजूक वायुभारमापक वाटेत फुटतात, त्याऐवजी साधा तापमापक घ्यावा, पाणी उकळावं आणि उंची काढावी, असं त्यात सुचवलेलं होतं. घोड्यावरून आणि पायी फिरणाऱ्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती. हाच साइक्स हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्यासाठी ट्रेकर मंडळींना माहीत असतो. त्याचं वर्णन त्यानं १८३५ साली छापलेल्या, दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात केलंय. ते धनुष्य ज्यावर उमटतं, ते कड्याखालचं धुकंही वाफेतून परत पाणी झालेल्या रेणूंचंच.

गुळव्याला जे जमत नव्हतं, ते साखर कारखान्याला जमलं ते हवेचा दाब काढून टाकल्यामुळे. इथं जरा रेंगाळायला हवं, कारण नगर जिल्ह्याइतकं साखरेत बुडालेलं रसायनशास्त्र दुसरीकडे क्वचितच दिसेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीजवळच्या प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं. पुढं संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे, श्रीरामपूर असं करत जिल्हाभर धुराडी उठली. या कारखान्यांच्या राजकारणावर ढिगानं लिहिलं गेलंय. आत नेमकं काय शिजतं, यावर फारच थोडं.

साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनचे आठ हात असतात. त्या हातांनी तो पाण्याला इतका घट्ट धरतो, की २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, आणि उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्याही वर. कारखान्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर ही मैत्री मोडायची. पण आगीनं मोडायला गेलं तर साखर लालसर होते, तिचे तुकडे पडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि पोत्यात पांढरा दाणा पडत नाही. काहिलीत ते चालतं, किंबहुना गुळाचा रंग आणि चव थोडीफार त्यातूनच येते. कारखान्यात चालत नाही.

म्हणून रसात चुना घालून, गंधकाचा धूर सोडून, गाळ खाली बसवून तो स्वच्छ केला की निर्वाताची पाळी येते. १८१३ च्या सुमारास एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रजानं बंद भांड्यातली हवा ओढून घेऊन रस कमी तापमानाला उकळायची तऱ्हा काढली. आजच्या अशा भांड्यात, म्हणजे पॅनमध्येही, पाक ६०-६५ अंशांच्या आसपास उकळत असतो. दुसरी मोठी करामत न्यू ऑर्लीन्सच्या नॉर्बर्ट रिलियू यांची, पेटंट १८४३ चं. गुलामगिरीच्या काळातला हा कृष्णवर्णीय वंशाचा अभियंता. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ वाया न घालवता तिनं दुसरं भांडं तापवायचं, तिथं दाब आणखी कमी ठेवायचा, त्याच्या वाफेनं तिसरं. एकाच इंधनात पाणी तीन-चारदा उडतं. पाण्याच्या रेणूंचे हात सोडवायला लागणारी ती महाग उष्णता पुन्हापुन्हा वापरायची, एवढंच त्यातलं मर्म. चुलवणाशेजारी घाम गाळलेल्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल.

पॅनमधला खेळ सर्वांत नाजूक. मावेल त्याहून जास्त साखर पाकात कोंडलेली असते, पण दाणा धरत नाही. रेणू नुसते शेजारी आले म्हणून स्फटिक होत नाही. ठरावीक कोनात, ठरावीक हात जुळवून बसायला लागतं, आणि पहिल्या मूठभर रेणूंना ते जमणं सर्वांत अवघड. म्हणून बारीक कुटलेल्या साखरेचं बी टाकतात. मग पाकातले रेणू त्या तयार चौकटीवर थरावर थर बसत जातात. पॅनवरचा माणूस मध्येमध्ये नमुना काढून काचेवर पसरतो आणि उजेडात दाणा बघतो. पाक जास्त आटला तर नको तिथं बारीक दाण्यांची गर्दी होते, कमी आटला तर बी विरघळतं. गणकयंत्रं आली तरी ही काच अजून सुटलेली नाही. शेवटी दाणे आणि मळी, म्हणजे उरलेला पाक, वेगात फिरणाऱ्या जाळीदार भांड्यात सुटी होतात. मळीत पुष्कळ साखर उरलेली असतेच, पण तिथं इतर रेणूंची एवढी गर्दी असते, की दाण्यापर्यंत पोचायला वाट राहत नाही.

मळी आंबवली की अल्कोहोल. ऊर्ध्वपातन करून ते पाण्यापासून काढायला गेलं तर गाडी एका जागी अडते. वजनानं ९५.६ टक्क्यांना पोचल्यावर मिश्रण आणि त्याची वाफ यांचं प्रमाण सारखंच होतं, आणि स्तंभ कितीही उंच केला तरी उरलेलं पाणी निघत नाही. दारू गाळणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. पेट्रोलला मात्र आहे. इथेनॉलच्या रेणूचं एक टोक पाण्याच्या जातीचं, दुसरं पेट्रोलच्या. दोन्हीकडे त्याचं जमतं. टाकीत पाणी शिरलं की मात्र तो पाण्याची बाजू घेतो, आणि दोघं मिळून पेट्रोल सोडून तळाशी जाऊन बसतात. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, तेव्हापासून ही बाब पुस्तकी राहिलेली नाही.

अडलेली गाडी सोडवायला झिओलाइट नावाचे सच्छिद्र खडे वापरतात. त्यांची भोकं मिलिमीटरचे तेहतीस लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. पाण्याचा रेणू आत शिरतो आणि अडकतो, इथेनॉलचा त्याहून जाड रेणू दारातच थांबतो. कारखान्यातले खडे कृत्रिम असतात, पण नैसर्गिक झिओलाइट दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत भरलेले सापडतात. विहीर खणताना पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांचे घोस निघतात, ते पुष्कळदा हेच. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं १७५६ साली असा दगड तापवला तेव्हा त्यातून पाणी फसफसून बाहेर आलं, म्हणून त्यानं ग्रीक शब्द जोडून 'उकळणारा दगड' असं नाव ठेवलं.

पाणी धरून ठेवण्याचा दगडाचा हा हट्ट त्याच्यापासून झालेल्या मातीतही उतरलेला आहे. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच पेरत नाही, वाफशाची वाट बघतो. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी गुरुत्वानं निथळून गेलेलं, बारीक पोकळ्यांतलं केशाकर्षणानं अडलेलं, आणि मधे हवा खेळती: या तिन्हींचा मेळ म्हणजे वाफसा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी ही ओढ 'बार'मध्ये शिकवली जाते. निथळून झालेल्या जमिनीत ती बारच्या साधारण एक तृतीयांश असते; पंधरा बारला पोचली की पीक कायमचं सुकतं. काळ्या जमिनीचा विश्वासघात इथं आहे. ती पुष्कळ पाणी साठवते, पण तिचे चिकणमातीचे पापुद्रे त्यातलं बरंच पाणी स्वतःकडेच दाबून ठेवतात. ढेकळात ओल असते आणि कपाशी मान टाकते.

तीच ओढ झाडाच्या कामीही येते. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा विस्तार एकरांत मोजावा असा वड कुठल्याही पंपाशिवाय शेंड्याला पाणी पोचवतो. पानातून एक रेणू उडाला की मागचा त्याच्या जागी खेचला जातो, आणि मुळापर्यंत ती दोरी तुटत नाही. १८९४ साली आयर्लंडच्या डिक्सन आणि जोली यांनी हे मांडलं तेव्हा पाण्याची दोरी होते, यावर विश्वास ठेवायला बरेच जण तयार नव्हते.

पावसाळ्यात गुळाच्या ढेपेकडे बघावं. पौषात टणक असलेली ढेप आषाढात अंगावर चकाकी धरते, मग चिकट होते, मग बुडाशी काळपट ओघळ दिसतो. 'गुळाला पाणी सुटलं' असं म्हणतात, पण पाणी ढेपेतून सुटलेलं नसतं. ते हवेतून आलेलं असतं. काहिलीत साखरेचे तुकडे पडून तयार झालेलं फ्रुक्टोज दमट हवेतले पाण्याचे रेणू ओढून घेतं, त्या पाण्यात बारीक स्फटिक विरघळतात, आणि विरघळलेला पृष्ठभाग आणखी पाणी ओढतो. साखरेच्या पोत्याला हा त्रास फारच कमी, कारण त्यातलं फ्रुक्टोज कारखान्यानं मळीबरोबर काढून टाकलेलं असतं. दुकानदार ढेप पोत्यात गुंडाळून आतल्या कोरड्या खोलीत सरकवतो, आणि दसऱ्यापर्यंत तिचं वजन थोडं वाढलेलंच भरतं.